पदराखालचे हात

बाई घरात आल्या की आधी दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. मे महिन्यात कसली थंडी वाजते यांना, मला कळेना. विचारलं तर म्हणाल्या, "मोकळं सोडलं की तुझ्या मदतीला धावत्यात. मग तू काय शिकणार, कपाळ?"

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. धाकटीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणानंतर माझ्या नजरेचा मधला भाग गेला. समोरच्याचं तोंड दिसेना, कडेनं पळालेली मांजर मात्र दिसायची. झालं! आमच्या शिवाजी पेठेला विषय मिळाला. "मांजर दिसती आणि माणूस दिसत न्हाई? सोंग हाय सोंग!" एकदा उकळती आमटी हातावर सांडली आणि सासूबाईंनी मला गॅसपासून बाजूला केलं. "तू बस," एवढंच म्हणाल्या. शिव्या परवडल्या असत्या. भूक लागली की थोरली आजीकडे जायची आणि मी माझ्याच घरात पाहुणी होऊन बसायची.

डोळ्यांच्या दवाखान्यानं बाईंना पाठवलं. उरलेल्या नजरेवर संसार कसा करायचा, हे शिकवणं त्यांचं काम. मूळच्या कानडी मुलखालगतच्या गडहिंग्लजच्या, त्यामुळे त्यांना सगळ्या बायका 'अक्का'. "अक्का, माझ्या तोंडाकडं नको, कानाकडं बघ," त्या म्हणाल्या. बघितलं, तर कडेच्या नजरेत त्यांचा चेहरा आला. रुंद कपाळ, पुढचा एक दात किडका. कित्येक महिन्यांत कुणाचा चेहरा पाहिला नव्हता हो मी! मला रडू फुटलं. "रड, पन कानाकडं बघत रड."

मग त्यांनी स्टीलची परात माळ्यावर टाकायला लावली आणि जुनी, काळी पडलेली लाकडी काठवट खाली काढली. काळ्यावर पांढरं पीठ मला दिसलं. मी भाकरी थापली, तव्याकडे नेली, आणि सासूबाई ओरडल्या, "भाजंल ती!"

"भाजू दे की. हात तिचा हाय, भाकरी बी तिचीच हाय. तुमी बी हात पदराखाली घ्या."

सासूबाईंनी घेतले. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली. थोरलीनं करपलेलीच खाल्ली आणि म्हणाली, "आई, अजून एक दे." आजीला नाही, मला म्हणाली.

पुढं बाईंचेच डोळे साखरेनं गेले. मी एसटीनं गडहिंग्लजला गेले, ती शेवटची भेट. त्यांच्या सुनेनं पुढ्यात चहाचा कप ठेवला. बाईंचा हात चटईवर चाचपडत होता आणि कप लांबच राहत होता. मी चटईवरच पुढं सरकले.

"अक्का, हात कुठं हाईत तुझं?"

"पदराखाली, बाई."

आत मी माझी बोटं घट्ट आवळून धरली होती. अखेर त्यांना कप सापडला. मी त्यांच्या कानाकडे बघितलं. तो किडका दात आता नव्हता. बाई हसत होत्या.