व्हर्नाची जुनी ए ग्रेड

व्हर्ना बहिणीवर जळत होती, आणि अगदी मनापासून जळत होती. आयोवातल्या त्या छोट्या गावच्या वृद्धाश्रमात बावीस वर्षं म्हाताऱ्यांना उठवलं, न्हाऊ-माखू घातलं तिने, आणि नर्स व्हायला निघाली तिची धाकटी बहीण टॅमी, जिला कोंबडी चिरतानासुद्धा घेरी यायची.

गावच्या कम्युनिटी कॉलेजात खरं तर आधी गेली होती व्हर्नाच. शरीरशास्त्रात ए ग्रेड काढली होती. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला, तिचं सगळं करणं कायमचं व्हर्नाकडे आलं आणि नर्सिंगचा अर्ज राहून गेला. ग्रेड म्हणजे काय दूध आहे नासायला, असं म्हणत ती निर्धास्त राहिली. नऊ वर्षांनी दोघी बहिणींनी एकदमच अर्ज भरला, तेव्हा खिडकीतल्या बाईने सांगितलं की, विज्ञानाचे विषय सात वर्षांनी बाद धरतात. टॅमीची ग्रेड नुसती बी, पण आदल्याच वर्षीची. जागा तिला मिळाली.

पुढची दोन वर्षं टॅमी प्रॅक्टिकलला जायची आणि तिची पोरं व्हर्नाकडे जेवायची. व्हर्ना त्यांना मॅकरोनी वाढायची आणि मनातल्या मनात त्यांच्या आईला नापास करायची. स्वतःची लाज वाटायची, पण मन ऐकायचं नाही. मेली टॅमी दर सत्राला पासच व्हायची.

मे महिन्यात पिन लावायचा समारंभ आला. नव्या नर्सच्या पांढऱ्या कोटावर कॉलेजची पिन, म्हणजे बिल्ला, कुणी लावायची, ते तिनेच ठरवायचं, अशी तिथली रीत. बाकीच्यांनी नवऱ्याला नाहीतर आईला बोलावलं. टॅमीने व्हर्नाचं नाव घेतलं. जखमेवर मीठ चोळायला ही मला चारचौघांत बोलावतेय, असंच व्हर्नाला वाटलं.

मंचावर तिने पिन टॅमीच्या कोटात खुपसली, पण बोटं काही ती सोडेनात.

"ताई, सोड आता," टॅमी हळूच म्हणाली.

"ही माझी होती, टॅमी."

"ठाऊक आहे गं. ऑगस्टपासून शरीरशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग सुरू होतोय, मंगळवार-गुरुवार. मी चौकशी केलीय. त्या दोन दिवशी आई माझ्याकडे."

"मला विचारलंस?"

"माझी पोरं घरी घेऊन गेलीस, तेव्हा तू मला विचारलं होतंस?"

मागे रांग खोळंबली होती. व्हर्नाने पिन जरा सरळ केली. मत्सर तिळभरही कमी झाला नव्हता.

"तुला त्यात बी ग्रेडच मिळाली होती ना?"

"हो. का?"

"मग पुस्तक आणून दे तुझं. नेमक्या नको तिथे खुणा करून ठेवल्या असशील, त्या आधी खोडायला हव्यात."