व्याह्यांची डावखुरी जीप

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतका सज्जन माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. आणि या माणसाने मला जेवढे धक्के दिले तेवढे नवऱ्याने, नोकरीने आणि ब्लडप्रेशरने मिळूनही दिले नाहीत, हेही तितक्याच ठामपणे सांगेन. पहिला धक्का ऐन लग्नात. मुहूर्त तोंडावर आलेला, वऱ्हाडाची बस केव्हाच येऊन चहापाणी उरकून बसलेली, आणि नवरदेवाचा पत्ता नाही! माझ्या जिवाचं नुसतं पाणी पाणी झालं होतं. शेवटी लांबून घरघर ऐकू आली आणि मांडवाच्या दारात एक जीप येऊन उभी राहिली. ना दार, ना खिडकी, वर नुसतं कापडाचं छप्पर. तिच्यात मुंडावळ्या बांधलेला माझा जावई, जावयाच्या मांडीवर बकरीचं पिल्लू, शेजारी त्या पिल्लाची मालकीण आणि मागे मोहफुलांची टोपली कवटाळून बसलेले एक आजोबा. हातातलं ओवाळणीचं ताट माझ्याकडून पडायचंच राहिलं. "ही कोण माणसं?" मी विचारलं. चाकावर बसलेले व्याही अगदी शांतपणे म्हणाले, "मालूम नाई, बाई. रस्त्यात हात दाखवला त्याईनं." ती दोघं लग्न लागेपर्यंत थांबली, पंगतीत पोटभर जेवली आणि आजोबांनी माझ्या मुलीच्या ओटीत आहेर म्हणून ओंजळभर मोहफुलं घातली. नव्या कोऱ्या शालूवर!

नंतर कळलं, ही सगळी करणी व्याह्यांच्या वडिलांची. वडील विड्यांच्या तेंदूपत्त्याच्या कामावर धानोऱ्याकडच्या जंगलात असायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या तेव्हा त्यांनी ही जीप घेतली. नागभीडच्या आसपास तेव्हा रेल्वे सोडली तर इंजिनाची दुसरी वस्तू नव्हती म्हणतात. बाळंतीण अडली की जीप, साप चावला की जीप. त्या वडिलांनी मुलाला शाळा बेताचीच शिकवली, पण काही गोष्टी मात्र अशा पढवल्या की त्या माणसाच्या हाडात जाऊन बसल्या. वाटेत कोणी हात दाखवला तर गाडी थांबलीच पाहिजे. रेडिएटरला कोणाच्या धानाच्या बांधीतलं पाणी घ्यायचं तर आधी विचारायचं. आता शेतात चिटपाखरू नसलं तर कोणाला विचारणार? पण आमचे व्याही बांधावर उभे राहून मोठ्याने ओरडतात, "भाऊऽ, पानी घेतो होऽ!" थोडा वेळ थांबतात, मगच डबा बुडवतात. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे, विहिणीने तोंड उघडून काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मला हे कळलं तेव्हा मी काय काय मागून घ्यावं याचा बराच विचार केला होता, खोटं कशाला बोलू!

तर ही जीप डावखुरी. म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, आणि आपण बसायचं उजवीकडे, जिथे ड्रायव्हर असणार असं समोरून येणाऱ्यांना वाटतं तिथे. मी मांडीवर पर्स घेऊन, हात जोडून, डोळे अर्धवट मिटून तिथे बसलेली पाहून समोरचे मोटरसायकलवाले थेट शेतात उतरलेले मी पाहिलेत. त्यात पुढच्या गाडीला मागे टाकायचं तर पलीकडचा रस्ता उजवीकडे बसलेल्यालाच दिसतो, म्हणून ते काम आपल्याकडे. रस्ता मोकळा असला की "चला" म्हणायचं, नसला की "थांबा". एकदा मी नुसतीच "अगं बाई!" असं किंचाळले, तर ते म्हणाले, "याचा अर्थ चला का थांबा, ते सांगा ना बाई." पेट्रोलच्या टाकीला चीर पडली की तिच्यावर अंगाचा साबण घासायचा, हा त्यांचा आणखी एक उपाय. उपाय चालतो, माझं काही म्हणणं नाही. पण त्या घरात आंघोळीला साबण मागितला की माझी मुलगी म्हणते, "आई, थांब, जीपमधून आणते." याला काय संसार म्हणायचा?

या पावसाळ्यानंतर कामानिमित्त नागपूरला गेलेल्या जावयाचा फोन आला. "आई, बाबांनी दोनदा गाडी रस्त्याखाली घातली. माझं ऐकत नाहीत. इथे एकजण जुन्या गाड्या जमवणारा भेटलाय, तो जीप घ्यायला तयार आहे, बंगल्यात दर्शनी भागात ठेवणार म्हणतो. तुम्ही एकदा शब्द टाका. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत." मला ते पटलं. सत्तरी उलटलेला माणूस, जंगलचा रस्ता, बिनदाराची गाडी. मी मनाशी पक्कं ठरवून चंद्रपूरहून रेल्वेत बसले आणि दुपार कलताना नागभीडला उतरले. जीप घेऊन व्याही हजर. त्यांचं गाव तिथून पुढे, जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर. गावात पोचायच्या आत बोलून टाकायचं, असा माझा बेत होता.

पण ते मला बोलू देतील तर ना! सारखं विचारणं चाललेलं. "बाई, त्या कडंले गाय आहे का पोतं?" "पोतं." "आन् हा सायकलवाला आपल्या इकडे यून राह्यला का?" मला वाटलं, गंमत करतात. मीही येतील तशी उत्तरं देत होते. सागवान दाट झालं, ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं, आणि माझ्या बाजूला रस्त्याच्या कडेला, अर्धा गवतात आणि अर्धा डांबरावर, एक वाघ बसला होता. चित्रातला नाही, खराखुरा, पंजे चाटत बसलेला. गाडी आपली चाललेलीच. कशीबशी मी म्हटलं, "भाऊ, वाघ!"

"कुठी?" ते म्हणाले.

"अहो, कुठी काय? हा काय इथे! थांबा!"

त्यांनी ब्रेक दाबला आणि, देवा रे देवा, इंजिन बंद केलं! वडिलांनी सांगितलं होतं म्हणे, वाघ रस्त्यावर असला तर आपण पाहुणे, गुरगुरायचं नाही, हॉर्न मारायचा नाही, गाडी बंद करून वाट पाहायची. ठीक आहे, वडील थोर होते. पण ही जीप पुन्हा चालू करायची तर खाली उतरून, पुढे जाऊन, हँडल फिरवावं लागतं! हे त्या थोर वडिलांच्या ध्यानात आलं नसेल का? मी पदर तोंडात कोंबून बसले. माझ्या नि त्या वाघाच्या मध्ये साधं दारसुद्धा नव्हतं. वाघाने एकदा आमच्याकडे पाहिलं, मोठी जांभई दिली, उठला, रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरला. अगदी आमच्या नाकासमोरून म्हणा ना.

व्याह्यांनी हळूच विचारलं, "गेला का, बाई?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोतं, गाय, सायकलवाला. मला संताप आला. "भाऊ, तुम्हाला दिसत नाही?"

"समोरचं दिसते. बाजूचं नाई दिसत." दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ते म्हणाले. "काचबिंदू म्हनते डाक्टर. गेली ते नजर वापस येत नाई. पोराले नाई सांगतलं मी." आणि पुढे म्हणाले, "तुमी काऊन आल्या ते मालूम आहे मले. बोलून टाका, बाई. तुमचा शब्द मी खाली पडू देनार नाई." आणि माझ्याकडे न बघता समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

आता सांगा, एवढी तयारी करून आलेली बाई मी, पण तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. एक शब्द, की ही जीप नागपूरच्या कोणाच्या तरी बंगल्यात फुलदाणीसारखी जाऊन बसणार. आणि हा माणूस हूं की चूं न करता किल्ली काढून देणार, हे मला लख्ख दिसत होतं. त्याने भांडण केलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं!

"शब्द देताय ना? मग ऐका," मी म्हटलं. "जीप विकायची नाही. पण आजपासून तुम्ही चालवायची नाही. या क्षणापासून."

"मंग कोन चालवन?"

"मी. उतरा, हँडल मारा आणि इकडे येऊन बसा."

आजवरच्या सगळ्या धक्क्यांची परतफेड झाली, असे त्यांचे डोळे झाले. "तुमी?"

"माजरीच्या शाळेत शिकवायला जाताना कोळशाच्या डंपरांमधून गाडी काढलीय मी. तुमची जीप काय चीज आहे!" बोलायला काय जातंय? गिअर टाकला तेव्हा असा आवाज झाला की तो वाघ अजून जवळपास असेल तर नक्की धावत सुटला असेल. व्याह्यांनी दात आवळले. "आस्ते, बाई, आस्ते. रागानं नाई टाकाचा."

गाडी चालू लागली. त्यांनी आयुष्यभर धरलेलं ते चाक आता माझ्या हातात होतं, आणि मला उगाच कोणाची वस्तू हिसकावल्यासारखं वाटत होतं. मी चोरून त्यांच्याकडे पाहिलं. मान वळवून, उजवीकडून समोरचा रस्ता ते असे न्याहाळत होते की जणू तो पहिल्यांदाच पाहतायत.

"लहानपनी मी इथीच बसत होतो, बाई," ते म्हणाले. "बाबा तिकडे, तुमी बसल्या तिथी. ते गेल्यावर मी तिकडे गेलो, तं इकडे बसनंच झालं नाई कधी. असाच दिसते रस्ता इथून." मग म्हणाले, "पाय नाई पुरत होते माहे खाली."

माझे डोळे भरून आले. रडत गाडी चालवता येत नाही, म्हणून मी खेकसले, "आता पुरतात ना? मग घट्ट टेकवून बसा. मला अजून ब्रेक नीट सापडलेला नाही."

ते हसले. समोरची धरायची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी पकडली, लहान पोरासारखी, आणि गाव येईपर्यंत सोडली नाही.