उम रशाद पेटीशी बोलायची

दमास्कसच्या आमच्या गल्लीत टीव्ही पहिल्यांदा आला तो माझ्या घरी. नवरा गेल्यावर माझं मन रमावं म्हणून भावाने आणून दिला होता. त्यात रोज संध्याकाळी शेजारच्या उम रशादची, म्हणजे रशादच्या आईची, लेक समीहा दिसायची. सलाम करून, पुढे कोणता कार्यक्रम आहे ते हसून सांगायची. हे काम करणाऱ्या शहरातल्या पहिल्या दोन-तीन मुलींपैकी ती एक. त्यापायीच बापाने, अबू रशादने, तिला घराबाहेर काढलं होतं. "गावाला तोंड दाखवत बसणारी पोर माझी नाही," म्हणाला. उम रशाद तेव्हा चुलीपाशी उभी होती. तिच्या तोंडातून एक अक्षर फुटलं नाही.

अबू रशाद दुकानात असला की ती माझ्याकडे यायची. डोक्यावरची ओढणी नीट करून टीव्हीसमोर बसायची. समीहाने सलाम केला की ही उलट सलाम करायची आणि म्हणायची, "त्या दिवशी मी गप्प बसले गं. आईला माफ कर." लेक आपल्याला दिसते तसे आपणही तिला दिसतो, असं तिला वाटायचं. मला हसू यायचं. खरं काय ते मी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तिने अंथरूण धरलं. अबू रशाद बाहेर गेलेला पाहून मी आणि भावाने टीव्ही उचलून तिच्या उशाशी नेला. समीहा आली, हसली, गाण्यांचा कार्यक्रम आहे म्हणाली.

"आईची ही दशा बघून हसते?" उम रशाद म्हणाली.

मला राहवलं नाही. "अगं बाई, तिला तू दिसत नाहीस. कधीच दिसली नाहीस."

तिने उशीवरची मान माझ्याकडे वळवली. "मग वजीहा, वर्षभर मी माफी कुणाकडे मागत होते?"

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दुखवट्याला समीहा आली, बायकांत कोपऱ्यात बसली. मी तिला सगळं सांगितलं. तिने रडून घेतलं, मग विचारलं, "खाला, मी इथून बसने पाव तासावर राहते. एक निरोप धाडता आला नाही तुला?"

"तुझ्या बापाची भीती वाटली," मी म्हणाले.

खोटं बोलले. निरोप गेला असता तर मायलेकी कुठेतरी भेटल्या असत्या, आणि मग संध्याकाळी माझ्या रिकाम्या घरात कोण आलं असतं?