रांजणातलं मोहोळ

छबुबाई दूध संस्थेत कॅन धुवायच्या. दोन हजार सोळाच्या सुरुवातीला ते काम संपले. गावातली जनावरे चारा छावणीत गेली, दूध थांबले आणि वडवणी रस्त्यावरच्या संस्थेच्या खोलीला कुलूप लागले. पुढे पेंडीची पोती ठेवायला सचिव राधाकिशन यांनी ती खोली उघडली, तर भिंतीतल्या देवळीत सातेरी मधमाश्यांनी मोहोळ केलेले. झाडलोटीला छबुबाईंनाच बोलावले होते.

"धूर घाल मावशी, उडवून लाव."

"नगं. मी नेते घरी."

"नेऊन काय करतीस?"

"गोठा मोकळा पडलाय. काय तरी हलतं पायजे घरात."

मोहोळ हलवायची रीत म्हाताऱ्या धुळाजींना ठाऊक होती. तरुणपणी ते झाडावरची मोहोळे उतरवायचे. पाण्याअभावी छबुबाईंचा रांजण कोरडाच होता. तो त्यांनी आडवा केला, अंडी-पिल्लांची पोळी कापून कामट्यांना सुतळीने बांधली आणि आत अडकवली. राणी आत गेली, तशा बाकीच्या माश्या मागोमाग गेल्या. तोंडाला फळी, फळीला शेणमातीचा लेप, येण्याजाण्याला बोटभर भोक. रांजण कडुलिंबाखाली दगडांवर ठेवला. मुंग्या चढू नयेत म्हणून भोवती पाण्याच्या वाट्या हव्या होत्या. पाणी नव्हते, म्हणून राखेचे कडे केले.

"मध कधी निघंल?"

"यंदा इसर," धुळाजी म्हणाले. "जगल्या तरी लई झालं."

शिवारात फूल नव्हते. माश्या मोकळ्याच परत यायच्या. उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी, ही छबुबाईंच्या घरची रीत. त्यांनी ताटलीत गूळ कालवून रांजणासमोर ठेवला. माश्या प्यायल्या. पुढच्या काही दिवसांत रांजणावर, भिंतीवर पिवळे डाग पडले आणि भोकाशी माश्या रांगू लागल्या. सकाळी मेलेल्या माश्या झाडून टाकाव्या लागत.

धुळाजींनी डाग पाहिले. "काय पाजलंस?"

"गूळ-पाणी."

"आगं, माशी हाय ती, सोयरा न्हाई. गुळानं हागवण लागती त्यांला. साखर उकळून गार करून दे. वर कडब्याच्या काड्या टाक, न्हाईतर बुडत्याल."

घरात साखर होती ती चहापुरती. छबुबाईंनी चहा सोडला. डाग थांबले, पण मोहोळ निम्मे झाले होते. उरलेल्या माश्या पाण्याला टँकरवर जायच्या. गळक्या नळाला त्या अशा लागायच्या की बायकांना हात घालता येईना.

"छबे, तुझ्या माश्यांचं कार्ड काढ," शेजारच्या बायनाबाई म्हणायच्या. "लायनीत आमच्या म्होरं घुसत्यात."

मार्चअखेर एका दुपारी रांजण घुमू लागला. पानगळीने कडुलिंबाची सावली विरळ झाली होती आणि ऊन थेट रांजणावर येत होते. बघता बघता सगळ्या माश्या बाहेर पडल्या आणि अंगणावर गरगरू लागल्या. मोहोळ निघाले होते. उडत्या माश्यांवर पाणी शिंपडले की त्या खाली बसतात, हे धुळाजींनी सांगून ठेवले होते. त्या दिवशी टँकर आला नव्हता. घरात अर्धी घागर होती आणि छावणीत जनावरांपाशी राहणारे उत्तरेश्वर, छबुबाईंचे मालक, जेवायला यायचे होते.

छबुबाईंनी घागर बाहेर आणली. तांब्या-तांब्याने सगळी वर भिरकावली. माश्या खालच्या फांदीवर बसल्या.

उत्तरेश्वर जेवायला बसले. "पाणी?"

"बायनाकडून आणते."

त्यांनी अंगणातल्या ओलीकडे पाहिले. "माश्यांला पाजलं?"

"व्हय."

"आमी बी फांदीवर बसतो मग."

छबुबाई तांब्या घेऊन शेजारी गेल्या.

दिवस कलताना धुळाजींनी फांदीवरचा घोळका रांजणात झाडला. या वेळी रांजण गोठ्यात, गाईच्या जागी, गारव्याला ठेवला. तोंडाशी साखरेच्या पाकाची वाटी ठेवली.

"ऱ्हात्याल का?" छबुबाईंनी विचारले.

"सकाळी कळंल."

सकाळी भोकातून माश्या जा-ये करीत होत्या. थोड्याच होत्या, पण होत्या. छबुबाई थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या, मग रिकामी घागर घेऊन टँकरच्या जागी गेल्या आणि रांगेच्या शेवटी पाय पसरून बसल्या.

पुढे बसलेल्या बायनाबाईंनी आपली घागर मागे ओढली.

"ठिव म्होरं. माश्या धरून तुझं खटलं मोठं हाय."

छबुबाईंनी न उठताच घागर पुढे सरकवली.