सव्वीसवा पारा

आमच्या सनाचं कुराण पाठ व्हायच्या अडीच वर्षं आधीच आम्ही त्याची दावत उरकून टाकली. असं करणारं वडशातलं आमचं एकच घर, आणि माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या जिल्ह्यातलंही.

मी शिंपी आहे. उन्हाळ्यात लग्नाचे, पावसाळ्यात शाळेचे आणि हिवाळ्यात नाटकाचे कपडे शिवतो. वडशात हिवाळा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. त्या चार महिन्यांत माझ्या दुकानात राजाचा अंगरखा, इन्स्पेक्टरची वर्दी आणि विधवेची पांढरी साडी एकाच दोरीवर लटकत असतात. सना माझी एकुलती एक मुलगी. शाळेतून आली की मशीनजवळच्या स्टुलावर बसायची आणि सुईत दोरा ओवून द्यायची. माझी नजर चाळिशीतच गेली होती, पण चष्मा मी घेतला नव्हता. सना होती ना.

बारा वर्षांची असताना ती चंद्रपूरला एका लग्नात गेली. तिथे तिच्याच वयाच्या मुलीने तोंडपाठ कुराण म्हणून दाखवलं. सना घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, मलेबी पाठ करायचं आहे. सगळं."

सगळं म्हणजे तीस पारे, तीस भाग. चंद्रपूरला मुलींच्या मदरशात राहून शिकायचं. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मला ती घरी हवी होती, हे काही कारण होत नाही. तिला सोडून परत आलो तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि सुईत दोरा ओवायला मला पाऊण तास लागला.

मदरशातून दर शुक्रवारी दुपारी आपांच्या फोनवरून पाच मिनिटं बोलता यायचं. (आपा म्हणजे तिथल्या शिक्षिका.) मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीस चौकोन आखले आणि कागद मशीनसमोर चिकटवला. एक पारा झाला की एक चौकोन निळ्या खडूने भरायचा. तीसही भरले की सना कायमची घरी. हिशेब सोपा होता. सगळे घोळ सोप्या हिशेबातच होतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पहिले तीन महिने चौकोन कोरेच राहिले, कारण आधी नीट वाचायला शिकवतात. मग एका शुक्रवारी सना म्हणाली, "अब्बा, अम्मपारा झाला." (अम्मपारा हे एका पाऱ्याचं नाव.) मी एक चौकोन भरला आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पायजम्याला तीन खिसे लावून दिले.

त्यानंतर हंगाम सुरू झाला. शुक्रवारी मी नेमका गाठोडी घेऊन कुठल्यातरी खेड्यात नाटकवाल्यांचे कपडे बसवायला गेलेला असायचो. फोन रेहाना, माझी बायको, घ्यायची. घरी आलो की मी विचारायचो, "किती झाले?"

"ते नाई विचारलं. तिले सर्दी झाली आहे."

पुढच्या आठवड्यात पुन्हा, "किती झाले?"

"वरण पातळ करतात म्हणे तिथी."

असे चार-पाच महिने गेले. मला तिच्या सर्दीची, वरणाची आणि हरवलेल्या चपलेची खडान्‌खडा माहिती होती. कागदावर निळा चौकोन मात्र एकच.

शेवटी एका शुक्रवारी मी घरी सापडलो. फोन आला तेव्हा शेजारच्या मैदानात नाटकाची तालीम जोरात होती आणि खलनायक कोणाचीतरी जमीन हडपत होता. मी एका कानात बोट घातलं आणि ओरडलो, "बेटा, किती झाले?"

"अब्बा, सव्वीस..." पुढचं ढोलकीत गेलं.

"सव्वीस?"

"हो, सव्वीस. आपा म्हणल्या, चांगलं पक्कं आहे."

पाच मिनिटं संपली. मी खडू घेतला आणि एका बैठकीत पंचवीस चौकोन निळे केले. खडू संपला तेव्हा दुसरा घेतला.

रेहाना दारात उभी राहून बघत होती. "इतक्या लवकर?"

"मी माझ्या कानानं ऐकलं."

"त्याच कानानं तुम्ही मेश्राम सरच्या पॅन्टची कंबर छत्तीसची सेहेचाळीस ऐकली होती."

मेश्राम सर आमचे शेजारी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सनाला अपूर्णांक त्यांनी शिकवले आणि ती गेल्यावर आमच्याइतकेच तेही गोंधळल्यासारखे झाले होते. रोज संध्याकाळी दुकानात यायचे, स्टुलाकडे बघायचे आणि उभेच राहायचे. त्यांना मी बातमी दिली. त्यांनी तिथल्या तिथे खडूने माझ्या कापडाच्या टेबलावर गणित मांडलं.

"आठ महिन्यांत सव्वीस. म्हणजे महिन्याले सव्वातीन. राह्यले चार. सव्वा महिन्यात पोरगी घरी."

इतक्या स्पष्ट शब्दांत ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना चहा पाजला आणि दावतीची तारीख ठरवून टाकली.

एक खबरदारी मात्र घेतली. मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं. ते बिहारकडचे, स्वतः हाफिज, म्हणजे कुराण तोंडपाठ असलेले. मी म्हणालो, "साब, बच्ची के छब्बीस हो गये."

त्यांनी भुवया वर केल्या. "आठ महीने में? आगे से या पीछे से?"

मला वाटलं, वर्गात कुठे बसते ते विचारतायत. मी छाती काढून सांगितलं, "आगे से, साब. शुरू से ही आगे."

त्यांनी मला मिठी मारली. एवढी हुशार मुलगी त्यांनी ऐकली नव्हती, असं म्हणाले. मीही ऐकली नव्हती, पण घरचीच होती म्हणून विश्वास ठेवला.

दोन आठवड्यांनी फोनवर सनाने आईला सांगितलं, "अम्मी, आता पहिला पारा सुरू झाला." रेहाना घाबरून दुकानात आली. "पहिला म्हणते. हे कसं?"

मी मशीन थांबवली नाही. "अवो, उजळणी असन. सव्वीस झाल्यावर मागचे पक्के करून घेतात." हे मी कुठे वाचलं होतं, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. वर तिला बजावलं, "दावतीचं तिले सांगू नको. अचानक घरी आणू."

मग गाव कामाला लागलं. नाटक कंपनीच्या मॅनेजरभाऊंनी मंडप दिला. मागे लावायला राजवाड्याचा पडदा हवा होता, पण तो प्रयोगाला गेला होता. तुरुंगाचा शिल्लक होता, तो लावला. आचारी दोन ठरले, बिर्याणीचा एक आणि वांग्याची भाजी-भात करणारा एक, कारण मोहल्ल्यात निम्मे लोक मटण न खाणारे. आणि नाटकाची जाहिरात करत फिरणारा ऑटोवाला स्वतःहून म्हणाला, "आपल्या सनाचं मी फुकट फिरवतो." त्याने फिरवलं. फक्त सवय जाईना. रविवारच्या दावतीसाठी शुक्रवारपासून साऱ्या वडशात घुमत होतं: "मायबाप रसिकहो, खास लोकाग्रहास्तव, दुपारी ठीक एक वाजता. महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय."

शनिवारी मी चंद्रपूरला गेलो. सोबत नवा सलवार-कुडता होता, हिरवा, गळ्याला पांढरी जाळी. माप मी मनातलंच घेतलं होतं. मुलीचं माप बापाला वहीत बघावं लागत नाही, असं मी रेहानाला म्हणालो होतो.

मदरशाच्या ऑफिसात आपा बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. दावत, साठ पाहुणे, मंडप, ऑटो. त्यांनी शांतपणे रजिस्टर काढलं, सनाचं पान उघडलं आणि म्हणाल्या, "भाई, सना का तो पहला पारा चल रहा है."

मला वाटलं, पान दुसऱ्या मुलीचं निघालं. "आपा, हमारी सना. छब्बीसवाली."

"वही. छब्बीसवाँ पिछले महीने हुआ." त्यांनी कोरा कागद घेतला आणि एकाखाली एक आकडे लिहिले. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस, सव्वीस. शेवटचे पारे सोपे, म्हणून लहान मुलं मागून सुरुवात करतात. तिने मागचे पाच केले. आता पुढून पहिला. "पाँच हुए," आपा म्हणाल्या, "और पाँचों पक्के."

मी कागदावर बोट ठेवून मोजलं. पाच आकडे होते आणि त्यांच्याखाली भरपूर कोरी जागा होती.

तेवढ्यात सना दारात आली. तिने अर्धं ऐकलं होतं. माझ्याकडे धावत येणारी पोरगी उंबऱ्यावरच थांबली.

"अब्बा, मी खोटं नाई बोलली."

"नाई बेटा. तू बरोबर बोलली. मी ऐकलं चुकीचं."

"मी रोज दोन-दोन पानं करीन. लवकर होईन."

तिच्या तोंडून ते ऐकून मला माझीच लाज वाटली. आपांनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, घाई केली तर पुढचं येतं आणि मागचं जातं. रोज एक नवं पान, त्याबरोबर आठवड्याची उजळणी, त्याबरोबर जुना पारा. रजिस्टरात रोजचे तीन रकाने होते आणि मी घरी एकाच रकान्यावर नाचत होतो. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "साठ लोग आएँगे ना? ले जाइए. दो दिन की छुट्टी."

सनाने नवे कपडे घातले. कुडता गुडघ्याच्या चार बोटं वर आला आणि सलवार घोट्याच्या. मी खाली वाकून काठ ओढून बघितला, जणू ओढल्याने लांब होईल. आठ-नऊ महिन्यांत पोरगी तेवढी वाढली होती आणि मी शिवत होतो त्या सनाचं, जी स्टुलावर बसायची.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. नागभीड सुटलं, जंगल लागलं, तरी ती काही बोलेना. मी म्हणालो, "शुक्रवारी तं एवढी बडबड करतेस अम्मीजवळ."

"अम्मी विचारते, मग सांगते. तुम्ही पहिलाच सवाल विचारता, किती झाले. मग वेळ संपते."

मी पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मले तं तुम्हाले विचारायचं होतं, का आता दोरा कोण ओवते."

"मीच."

"दिसते?"

"नाई."

ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. वडसा येईपर्यंत मी तो हात हलवला नाही. उतरताना तो हात माझा राहिलाच नव्हता.

रविवारी एक वाजता मंडप भरला. मी तुरुंगाच्या पडद्यासमोर उभा राहिलो (जागा अगदी योग्य होती) आणि खरं ते सांगून टाकलं. सव्वीस नाहीत, सव्वीसवा. एकूण पाच.

पहिल्या रांगेतून मेश्राम सरांचा आवाज आला, "माझा भागाकार बरोबर होता. आकडा तुझा चुकीचा होता."

इमामसाहेब पोट धरून हसायला लागले. उठून माइकजवळ आले आणि म्हणाले, "मेरे पाँच पारे हुए थे तो अब्बा ने सिर्फ इतना पूछा था कि छठा कब होगा. यह बच्ची खुशनसीब है." मग त्यांनी सनाला पुढे बोलावलं. आखूड कुडता सावरत ती उभी राहिली आणि शेवटच्या पाऱ्यातली एक सूरा, म्हणजे छोटा अध्याय, म्हणाली. ढोलकीवाला, मॅनेजरभाऊ, पलीकडच्या गल्लीतल्या बाया, कोणाला शब्द कळत नव्हते, पण कोणी वाटीसुद्धा वाजवली नाही. मेश्राम सर डोळे मिटून बसले होते. नंतर म्हणाले, "एकबी जागी अडखळली नाई. पाचाले पाच मार्क." बिर्याणी दोनला संपली आणि वांग्याची भाजी अडीचला.

सोमवारी तिला सोडून आलो. कागदावरचे पाच चौकोन ठेवून बाकीचे एकवीस ओल्या फडक्याने पुसले. निळा रंग पुरता गेला नाही, अंगरख्यावरच्या डागासारखा राहिला. त्यानंतर शुक्रवारी मी घरी राहायला लागलो. पहिला प्रश्न वरणाचा विचारायचो. रेहाना म्हणायची, आता मी काय विचारू. किती पारे झाले ते सना आपणहून सांगायची, कधी सांगायची नाही. त्या आठवड्यांत मी काही न विचारता फोन ठेवायचो आणि मग दिवसभर चुकीचे काज करायचो.

मग अडीच वर्षांनी ते खरंच पूर्ण झालं. मदरशातच दुआ झाली आणि पेढे वाटले. दुसऱ्या दावतीचं मी घरी नाव काढलं नाही.

आता सना घरी आहे. पण पाठ झालं म्हणून संपत नाही, रोज एक पारा म्हणावाच लागतो आणि समोर कोणीतरी कुराण उघडून चुका धरायला लागतो. ते काम मी मागून घेतलं. चष्माही घेतला. पुढच्या वर्षी ती आणखी शिकायला नागपूरला जाणार आहे, म्हणून मी मधेच उगाच "थांब, इथी चुकलं" म्हणतो. मग ती मागे जाऊन तेच पुन्हा म्हणते, आणि पारा जरा लांबतो.

काल मी असंच थांबवलं. बोट ओळीवर ठेवून ठासून म्हणालो, "इथी, ह्या शब्दाले चुकलीस."

तिने वाकून माझ्या बोटाकडे बघितलं. "अब्बा," ती म्हणाली, "हे पान तं मी चहाच्या आधीच संपवलं."