दादाच्या इंजिनातले दोन मिलिमीटर

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या घोट्यात एक पट्टी आणि चार स्क्रू आहेत. जिना उतरताना तो प्रत्येक पायरीवर थांबतो. कोणी विचारलं तर सांगतो, "माझंच चुकलं. मोटारसायकलची किक अर्धवट मारली." मी शेजारी असलो तरी तो हेच सांगतो, आणि आठ वर्षं मी ते ऐकून घेतलं.

माझं अक्कलकोट रोडवर लेथचं छोटं वर्कशॉप आहे. इंजिनाची हेडं घासून सपाट करणं हे आमचं रोजचं काम. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. तापून तापून ते किंचित वाकतं आणि मग पॅकिंगमधून तेल झिरपायला लागतं. ते लेथला लावून केसाएवढं घासायचं आणि सपाट झालं की थांबायचं. कसब त्या थांबण्यात असतं.

दादाची जुनी, जड मोटारसायकल अशीच तेल गाळायला लागली. तो कुंभारीच्या पुढे एका शाळेत मास्तर होता आणि रोज तिच्यावरच जायचा. हेड माझ्या हातात देऊन म्हणाला, "सपाट होईल एवढंच घास. जास्त शहाणपणा नको."

हे तो प्रेमानंच बोलला. पण तो गावानं मान दिलेला मास्तर, आणि मी बारावी नापास. एखाद्या कामात तरी त्यानं मला 'वा' म्हणावं, असं फार वर्षं मनात होतं. हेड सपाट झालं तरी मी लेथ थांबवला नाही. आणखी दोन मिलिमीटर घेतले.

झाकण घासलं की त्याच्या पोटातली जागा कमी होते. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण त्याच जागेत दाबतो. जितकं जास्त दाबलं जाईल तितका धक्का जोरात, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त ताकद. दादाच्या गाडीत ते साडेसहा पट दाबलं जायचं, ते मी सव्वासात पटीपर्यंत नेलं. आकडा लहान दिसतो, पण त्या जुन्या इंजिनाला तो लहान नव्हता. शिवाय कॉम्प्रेशन, म्हणजे हा दाब, वाढवल्यावर ठिणगीची वेळ थोडी मागं घ्यायची असते. पिकअप कमी होईल म्हणून मी ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा वर्कशॉपवर आला. "काय केलंस रे हिला? पुलाचा चढ चौथ्या गिअरमध्येच चढली की." मग हेल्मेट काढता काढता म्हणाला, "बरा हात हाय तुझा." ते चार शब्द मी घरी जाऊन बायकोला सांगितले होते.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, मागं वहिनी होत्या.

"चढावर काहीतरी वाजतंय बघ. टिकटिक."

कशाचा आवाज आहे ते मला न ऐकताच कळलं. मिश्रण जास्त दाबलं की फार तापतं आणि त्याचा काही भाग आपोआप भडकतो, त्याचीच ती टिकटिक. सोलापूरच्या उन्हात तर लवकरच. अशी गाडी गिअर खाली घेत, इंजिन वेगानं फिरतं ठेवत चालवावी लागते. आणि दादा मागं वहिनींना बसवून चौथ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं जाणारा माणूस.

मी वाकून कान दिल्यासारखं केलं. "व्हाल्व हाय दादा. जुनी गाडी, वाजणारच."

वहिनी हसत म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादांची गाडी माजलीया. काल हे किक मारायला गेले, तर तिनंच ह्यांना लाथ मारली."

आम्ही तिघंही हसलो. तेव्हाच हेड उतरवून घ्यायला हवं होतं. पण मग का उतरवतोस, हे सांगावं लागलं असतं, आणि 'बरा हात' गेला असता.

परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी घाईत असताना किक उलटी आली. पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट झाला, त्यानं पिस्टन मागं फेकला आणि त्याच्याबरोबर किकचा दांडा. सगळा जोर दादाच्या घोट्यावर आला. कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितका तो जोर जास्त. इस्पितळात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. तो म्हणाला, "घाई केली रे मी." मी पाण्याचा पेला पुढं केला.

त्यानंतर गाडी उभीच राहिली. तरी दर खंडेनवमीला दादा ती कोणाकडून तरी ढकलत माझ्या वर्कशॉपवर आणवायचा. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. ज्या कटरनं ते हेड घासलं, त्याला मी हळद-कुंकू लावायचो आणि दादा शेजारी गाडीला हार घालायचा.

यंदा नवरात्रात पुतणी म्हणाली, "काका, गाडी चालू करा. आता मी चालवणार." दादाला फार आनंद झाला होता. माझी नजर मात्र तिच्या पायांवर गेली.

घासलेला धातू परत चढवता येत नाही. मी सिलिंडरखाली घालायला दोन मिलिमीटरची पट्टी कापली. तिच्यामुळं कमी झालेली जागा पुन्हा मोठी झाली आणि कॉम्प्रेशन जुन्या जागेवर आलं. ठिणगीची वेळही तपासली. हे सगळं मी एकट्यानं केलं. कुणाला सांगायची गरज नाही, असंही मनात येऊन गेलं.

खंडेनवमीला पुतणीनं दुसऱ्याच किकला गाडी सुरू केली. दादा खुर्चीवर बसून बघत होता. "बघितलंस?" तो मला म्हणाला. "नीट मारली की उलटत न्हाय. माझंच चुकलं होतं."

तेव्हा मला गप्प राहता आलं नाही. पुतणीनं इंजिन बंद केलं. मी सगळं सांगितलं, पट्टीसुद्धा.

दादानं आपल्या बुटाकडं पाहिलं. मग वर्गात विचारावं तसं विचारलं, "किती घासलं होतंस?"

"दोन मिलिमीटर जास्त."

"आणि मी किती सांगितलं होतं?"

"सपाट होईल एवढंच."

"ते जाऊ दे. पण वाजतंय म्हणून मी सांगायला आलो होतो तुला."

मी प्रसाद पुढं केला. तो उठला, प्रसाद न घेता गाडीपाशी गेला आणि मुलीच्या खांद्याला धरून कष्टानं मागं बसला. "हळू ने," तिला म्हणाला, "चौथ्यात."

गाडी रस्त्याला लागली. पुढं थोडा चढ आहे. ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा राहून कान दिला. काही वाजलं नाही.