तोरणातला उलटा पोपट

महिना झाला. ऑफिसला निघताना विद्यानगरच्या आमच्या जुन्या घरून बाबांचा फोन आला. "आत्या गेली गं..." मी दारातच थांबले. डोक्यावर तिनंच केलेलं तोरण होतं.

सुमनआत्या बाबांची थोरली बहीण. मण्यांची तोरणं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक मणी चुकला तरी सगळं उसवायची. "चूक घेऊन कुणाच्या दारावर लटकू का मी?" म्हणायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, तेही तिच्यामुळे. बाबा म्हणाले होते, "शिकून काय कलेक्टर होणारे?" आत्यानं सुईवरची नजर काढली नाही. "होईल, नाहीतर नाही. तुला कायको परेशानी?" विषय संपला.

नोकरीनं मला जपानला नेलं, तेव्हा मी तिला बोलावून घेतलं. तिकडे डोंगरात, उंच झाडांच्या गर्दीत एक जुनं देवस्थान आहे. जिथं बघावं तिथं सोन्याचा मुलामा आणि कोरीवकाम. पहिल्याच कमानीशी आत्यानं चपला काढल्या. "इथं चालतात गं, आत्या." "त्यांना चालत असतील." त्या थंडीत नुसत्या मोज्यांवर सगळ्या दगडी पायऱ्या चढली. मोठ्या दरवाजापुढे मात्र थांबली ती थांबलीच. बोट हवेत ठेवून नक्षी गिरवत राहिली. गाईडबाई म्हणाल्या, या दरवाजाच्या एका खांबाची नक्षी कारागिरांनी मुद्दाम उलटी कोरलीय. काम पुरं झालं की वास्तूची पडझड सुरू होते, अशी त्यांची समजूत. मी मराठीत सांगितलं. "परत विचार तिला. मुद्दाम?" "हौ आत्या, मुद्दाम." खाली येऊन चपला घालेपर्यंत तिचं बोट हवेत तीच नक्षी गिरवत होतं.

गेल्या वर्षी मी सिकंदराबादला फ्लॅट घेतला. तोवर तिचे हात कापायला लागले होते, नजरही अधू झाली होती. बाबा म्हणाले, तोरण बाजारातून आणू. "बाजारचं तुझ्या दाराला लाव. तिच्या दाराला माझंच." कितीतरी महिने ती ते ओवत बसली. मला वाटायचं, आता हे राहूनच जाणार... वास्तुशांतीच्या सकाळी ती आली आणि शेजारच्या अम्मांकडून तोरण टांगून घेतलं. हिरव्या पोपटांची रांग, त्यातला एक खाली डोकं वर पाय. हात चुकला असणार, मला भरून आलं. आत्यानं माझ्याकडे बघितलं. "तोंड काय पाडतेस? तूच तर दाखवलंस ना तिकडे. घर टिकायला पाहिजे."

परवा बाबा आले. उंबऱ्यापाशी मान वर करून म्हणाले, "एक मणी चुकू द्यायची नाही. शेवटी डोळ्यांनीच दगा दिला बिचारीला..." मी त्यांना त्या खांबाची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्या पोपटाकडे बघत राहिले.

"मुद्दाम?"

"हौ बाबा. मुद्दाम."

मग मागे जाऊन त्यांनी चपला काढल्या, दारापासून चांगल्या लांब, जिन्यापाशीच.